टीव्ही गेममधला फॉल्ट

मी आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट. इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बीएस्सी झालो, हे आजही छाती काढून सांगतो. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली, उजवी बाजू गेली. डाव्या हातात तेवढा थोडा जीव उरला.

मामानं गल्फमधून टीव्ही गेम आणला होता. पडद्यावर एक चेंडू आणि दोन बाजूंना दोन उभ्या पांढऱ्या रेषा. हातातली चकती फिरवली की रेषा वरखाली व्हायची. मी तो उघडला. चेंडू बंद केला, एक रेषा बंद केली. उरलेल्या रेषेच्या चकतीला लांब दांडी बसवली, म्हणजे बाबांना नुसत्या तळहातानं ढकलता येईल. मग पडद्याच्या कडेला वरून खाली चिठ्ठ्या चिकटवल्या: पाणी, चहा, दुखतंय, लघवी. बाबांनी रेषा ज्या चिठ्ठीपाशी नेली, ते त्यांना हवं.

शेजारचे काका दारातूनच म्हणाले, "काय रे ग्रॅज्युएट, बापाला म्हातारपणी खेळायला बसवलंस?" पण बाबांनी रेषा 'चहा'वर नेलेली त्यांनी पाहिली आणि मग स्वतःच चाळभर कौतुक सांगत सुटले.

आठवडाभर झकास चाललं. मग बाबा दांडी ढकलतच राहायला लागले. रेषा 'लघवी'च्याही खाली जाऊन पडद्यातून नाहीशी व्हायची. मी ती वर आणून द्यायचो, ते पुन्हा खाली न्यायचे. टीव्ही टेबलावर होता आणि टेबलाखाली बाबांची पत्र्याची ट्रंक. दर गणपतीला गावी जाताना ते तीच न्यायचे.

आई म्हणाली, "अरे, ते ट्रंक दाखवतत. तेंका गावाक जावचा हा."

"आई, रेषा पडद्याबाहेर जातेय. फॉल्ट आहे तो. मीच केलाय, मीच काढतो."

"फॉल्ट कसलो? तेंच्या डोळ्यांकडे बघ."

मी सर्किटकडे बघत होतो.

रविवारी एक रेझिस्टर घालून रेषेचा पल्ला कमी केला. आता दांडी कितीही ढकलली तरी रेषा 'लघवी'वर थांबायची. बाबांनी ढकलली. आम्ही भांडं धरलं. काही नाही. पुन्हा ढकलली, पुन्हा भांडं. दुपारपर्यंत तेच चाललं होतं. शेवटी मी त्यांचं धोतर सोडत होतो, तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. दांडीवरचा हात काढला, तो पुन्हा ठेवला नाही. पाण्यासाठीसुद्धा नाही.

तीन आठवड्यांनी ते गेले. घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या खोलीत, त्याच टीव्हीसमोर.

अस्थी घेऊन गावी निघालो तेव्हा मी ट्रंक बाहेर ओढली. रिकामी असेल असं वाटलं होतं, पण जड लागली. उघडली तर आत बाबांचे दोन सदरे, इस्त्रीचं धोतर, पानाची चंची आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नव्या चपला. मी आईकडे बघितलं.

"तुझो फॉल्ट गेलो की तेंका घेऊन निघाक बरा," ती म्हणाली, "म्हणान तेव्हाच भरून ठेवलंय."