चोवीस अंशांचं पाणी

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजात विन्सेंटला सगळे 'लॅबवाला' म्हणतात, आणि ते ज्या सुरात म्हणतात त्याची मला चीड येते. हा माणूस रेडी बंदरात खनिज वाहणाऱ्या बार्जवर वीस वर्षं इंजिनं सांभाळून आलाय. मी एम.ई. आहे, मेकॅनिकल शिकवतो. पण घरचा पाण्याचा पंप बिघडला की फोन त्यालाच करतो.

लॅबमधलं डिझेल इंजिन सहा वर्षं बंद होतं. डिझेल फवारणारं नोझल गेलं होतं. विन्सेंटने तीन अर्ज दिले. तिन्हींवर मी 'योग्य कार्यवाहीसाठी' असं लिहून सही ठोकली आणि हात झटकले. तपासणी समिती यायची तेव्हा इंजिन पुसून, वर प्लास्टिक घालून ठेवायचं. कोरंकरकरीत दिसतं म्हणून समिती खूश! आणि पोरं दरवर्षी त्या मेलेल्या इंजिनाचे आकडे जर्नलात लिहीत होती. मागच्या बॅचचं बघून लिहायचं; त्या बॅचने तिच्या मागच्यांचं बघून लिहिलेलं. एका दुपारात चौसष्ट जर्नलांवर लाल पेनाने 'तपासले' लिहिणारा गाढव मी.

गेल्या वर्षी गोव्यातल्या एका शिपयार्डात मुलाखती होत्या. देवगडच्या दाऊदभाईंची जोया आमच्या वर्गात पहिली, म्हणून तिला पाठवलं. मुलाखत घेणाऱ्याने तिचं जर्नल चाळलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. इंजिन थंड करायला आत जाणारं पाणी अठ्ठावीस अंश, बाहेर येणारं चोवीस.

"हे इंजिन आहे की फ्रीज?" त्याने विचारलं.

जोयाची मुलाखत तिथेच संपली. कधीतरी कुणीतरी बेचाळीसचे चोवीस केले होते. पुढच्या सगळ्यांनी ते उतरवले होते, आणि त्या प्रत्येकाला मी सही दिली होती.

ती परत आली ती थेट लॅबमध्येच. डोळे लाल होते, पण रडून नव्हे. "सर, तुम्ही वाचलंच नव्हतं?" मी अभ्यासक्रम, वेळ, असलं काहीतरी पुटपुटलो. तीन महिन्यांनी तिथेच पुन्हा भरती होती. तीही हुकली तर मामाच्या मोबाईलच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. चार वर्षं इंजिनीअरिंग करून लोकांचे रिचार्ज मारायचे!

विन्सेंट सगळं ऐकत होता. तो उठला, कटर घेतला आणि इंजिनावरचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

"गो चेडवा, पाना धर. आणि फाल्यापासून सकाळी साताक हय येवचा."

दुसऱ्या दिवसापासून जोया रोज सकाळी सातला हजर. रेडीच्या जुन्या सोबत्याकडून त्याने नोझल आणलं. महिनाभर तो शिव्या घालत शिकवत होता आणि ती कोपरापर्यंत काळी होऊन शिकत होती. शेवटी इंजिन धडधडलं. बाहेरच्या पाण्याचा आकडा आला एकाहत्तर. जोयाने तो लिहिला. विन्सेंटने नळीला हात लावून पाहिला आणि इंजिन बंद करायला लावलं. नळीत क्षार साचले होते. ती खोलून साफ केल्यावर आकडा आला चव्वेचाळीस. जोयाने एकाहत्तर पुसायला व्हाइटनर काढला, तो त्याने हिसकावून घेतला.

"ह्या लावलंस तर बघ! बार्जवर चुकलेलो आकडो पुसनत नाय. एक रेघ मार, खालचो दिसाक व्हयो. बाजूक सही कर."

समिती आठवड्यावर आली आणि इंजिन तेलाने माखलेलं. विन्सेंटला मेमो मिळाला: 'उपकरणाचे विद्रूपीकरण'. प्राचार्य मेमो देत होते तेव्हा मी तिथेच उभा होतो, तोंडात मिठाची गुळणी धरून. आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या मुलाखतीला तोच माणूस होता. त्याने पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवलं. "हा आकडा का खोडलाय?" जोया सांगायला लागली ती अर्धा तास थांबली नाही. नोकरी तिथेच पक्की झाली. दाऊदभाई विन्सेंटच्या घरी सुरमई घेऊन गेले. माझ्याकडे आले नाहीत, ते योग्यच केलं.

या वर्षी इंजिन चालू आहे. विन्सेंट रोज सातला लॅब उघडतो. प्रॅक्टिकलच्या तासाला मी स्वतः दोनदा फिरकलो असेन.

परवा जर्नलं तपासायला आली. पहिलं उघडलं. एकाहत्तर, त्यावर एक रेघ, बाजूला चव्वेचाळीस. दुसरं उघडलं. एकाहत्तर, रेघ, चव्वेचाळीस. चौसष्टच्या चौसष्ट! एका बहाद्दराने तर बाजूची जोयाची सहीसुद्धा उतरवली होती. माझ्या मस्तकात तिडीक गेली. एकेकाला बोलावून सोलून काढायचं ठरवूनच मी उठलो.

दारात विन्सेंट हात पुसत उभा होता. त्याने जर्नलांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या लाल पेनाकडे.

"सर, ह्या वर्सा एकव पोर इंजिनाकडे येवक नाय. सही करतल्यात?"

मी पेन खाली ठेवलं. जर्नलं परत पाठवली आणि उद्या सकाळी सातला चौसष्ट जणांना लॅबमध्ये बोलावलंय. पासष्टावा मी. ते इंजिन मलाही अजून सुरू करता येत नाही.