दाराशी अडलेली पेटी

दादा गेल्याची बातमी आमच्या घरी कुणी आणली नाही. मीच ती घेऊन शहागंजात गेले. त्या बाजारातून मी जन्मात कधी एकटी गेले नव्हते. सकाळची दुकानं उघडत होती, भिस्ती रस्त्यावर पाणी मारत होता, आणि मी पदर घट्ट धरून भिंतीच्या कडेकडेनं चालले होते. दादाचे दोस्त करीमभाई आपल्या दुकानात बैलगाडीच्या चाकाला आरा बसवत होते. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी हातोडी खाली ठेवली. "सखूबहन, अकेलेच आए क्या?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या पायांकडं बघितलं. मी अनवाणी आले होते. मग हळूच म्हणाले, "गया?" मी पुन्हा मान हलवली. दादा गेला, हे शब्द मी आजवर कुणापुढं उच्चारलेले नाहीत. इथंच पहिल्यांदा लिहिते आहे...

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गंगाराम. सुतारकी आमच्या घरात पिढ्यांची. चौथीपर्यंत मला शाळेत धाडलं ते त्यानंच. लहान वयात कपाळ पुसून मी परत आले, तेव्हा तो दारातच म्हणाला होता, "रडू नको, हे घर तुझंच हाय." पुढं वहिनी तापात गेली. मूलबाळ नव्हतं. मग घरात आम्ही दोघंच. मला चारचौघांत बोलता येत नाही. माझ्या वाट्याचं सगळं तोच बोलायचा. दूधवाल्याशी, शेजारणीशी, देवाशीसुद्धा.

अलीकडं त्याचं सगळं बोलणं एकाच गोष्टीवर येऊन थांबायचं. आमच्या बाजूची मोसंबी मुंबईला जायची ती बांबूच्या मोठ्या हाऱ्यांतून. बागेत हारा बैलगाडीत चढायचा, स्टेशनावर उतरून आपल्याकडच्या छोट्या रुळांच्या आगगाडीत जायचा, मनमाडला छोटे रूळ संपतात म्हणून तिथं पुन्हा उतरून मोठ्या गाडीत चढायचा. दर वेळी आपटायचा. बागवान म्हणायचे, मुंबईला फळ कमी आणि चिखल जास्त पोचतो. म्हणून दादानं एक लाकडी पेटी बांधली. अशा दोन पेट्या बैलगाडीच्या साट्यात नेमक्या बसाव्यात, त्याच छोट्या गाडीच्या डब्यात ओळीनं बसाव्यात आणि मोठ्या गाडीतही. फट नाही म्हणजे हलणं नाही. बाजूंना लोखंडी कड्या, त्यांतून वासे घालून हमालांनी पालखीसारखी उचलून इकडून तिकडं ठेवायची. मधे झाकण कुणी उघडायचं नाही. "सखू," तो म्हणायचा, "मोसंबीला कळायबी नाय पायजे की गाडी बदलली."

ती पहिली पेटी त्यानं करीमभाईंच्या अंगणात बांधली. शेजारणीला सोबत घेऊन मी भाकरी द्यायला गेले की दादाची थट्टा चाललेली असायची. करीमभाई म्हणायचे, "गंगाराम, पेटी नक्को बोल, मकान बोल. किराये पे देता क्या?" शेजारचे नाना सुतार आत डोकावून म्हणायचे, "ह्यात तर आमचं कुटुंब सासूसकट बसंल. मनमाडला धाडून देतो, फकस्त परत आणू नगा."

पण एका पेटीनं काय होणार? डबाभर पेट्या हव्यात, आणि सगळ्या एका मापाच्या. अडचण तिथंच होती. सुताराचा गज, म्हणजे मोजायची काठी, बापाकडून लेकाकडं येतो. आमचा गज आजोबांचा, नानांचा त्यांच्या वडिलांचा, करीमभाईंचा त्यांच्या वालिदसाहेबांचा. म्हणायचं सगळ्यांना गजच, पण शेजारी उभे केले तर एक दुसऱ्याशी मिळत नाही. कुणी बोटभर लांब, कुणी बोटभर आखूड. घराचं दार करायचं तर त्यानं काही बिघडत नाही. दादाच्या पेट्यांना मात्र ते चालणार नव्हतं. म्हणून त्यानं शिसवी लाकडाचे नवे गज केले, सगळे एकमेकांशी मिळणारे, आणि पेट्या करणाऱ्या प्रत्येकाला एकेक द्यायचं ठरवलं. पण बापाचा गज बाजूला ठेवा, हे तोंडानं सांगणं त्याला जड जात होतं. म्हणून त्यानं चांगला दिवस बघितला, खंडेनवमीचा. त्या दिवशी आम्ही हत्यारं धुऊन-पुसून पूजेला मांडतो, कामाला लावत नाही. सगळ्यांनी नवा गज दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. नाना म्हणाले, "गंगाराम, तुझा शब्द म्हंजी आमच्या बापाचा शब्द." दादा घरी आला तो हसतच, आणि जेवता जेवता दोनदा म्हणाला, "एकानंबी नाय म्हणलं नाय, सखू."

दिवाळी झाली, मोसंबी उतरली, पेट्या भरल्या. स्टेशनावर डब्यात ओळ लावायला घेतली आणि शेवटची पेटी बसेना. दादानं मोजून बघितलं. काही पेट्या दोन बोटं मोठ्या निघाल्या. असं कसं झालं, त्याला कळेना. फळ थांबत नाही आणि गाडीही थांबत नाही. उरलेल्या पेट्या वर रचल्या, दोर आवळले, आणि करीमभाईंना घेऊन दादा मालाबरोबर मनमाडला गेला. तिथं उतरवताना वरची पेटी घसरली आणि तो खाली सापडला.

तिथल्या डॉक्टरांनी बजावलं होतं की पाठीला मार आहे. घरी न्या, पण सरळ निजवून न्या, मधे उचलाउचल करू नका. करीमभाईंनी दादाच्या हातची ती पहिली पेटी रिकामी केली, तळाला गवत आणि घोंगडी अंथरली आणि त्याला तीत निजवलं. हमालांनी कड्यांत वासे घालून ती छोट्या गाडीत ठेवली. औरंगाबादला तशीच उतरवून बैलगाडीत ठेवली. गाडी गल्लीत आली तेव्हा मी उंबऱ्यावर उभी होते. दादानं पेटीतूनच हाक मारली. तोंड पांढरं पडलं होतं, पण हसत होता. "सखू, लई झ्याक आलो बघ. गाडी कवा बदलली, कळलंबी नाय." मग म्हणाला, "पायाकडं बघ." घोंगडीच्या बाहेर त्याच्या पायाची बोटं हलत होती. ती हलताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहेत...

पेटी दारातून आत जाईना. सरळ लावली, वळवून लावली, दोन बोटं कमी पडत होती. दादानं बैलगाडी मोजली होती, छोटी गाडी मोजली होती, मोठी मोजली होती. आपल्याच घराचं दार मोजायचं कुणाच्या मनात येणार? तो आतून म्हणाला, "चौकट काढा. मला उचलू नका, चौकट काढा." त्याची हत्यारं गडबडीत मनमाडलाच राहिली होती, म्हणून करीमभाई आपली आणायला शहागंजाकडं धावले. तोवर सगळी गल्ली गोळा झाली. सगळी मायेची माणसं. "आरं, मानूस उन्हात पडलाय आन् चौकटी काय काढत बसता!" "धर रं, तिकडनं धर!" मी "नको, नको" म्हणत होते, माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. त्यांनी त्याला काखेत आणि पायांना धरून वर घेतलं. तसं ओरडणं मी माणसाचं कधी ऐकलं नव्हतं. करीमभाई करवत आणि पटाशी घेऊन धापा टाकत आले तेव्हा दादा आत खाटेवर होता आणि पेटी बाहेर रिकामी पडली होती. त्यानंतर पायाची बोटं हलली नाहीत. त्या उचलण्यानं झालं, की ते आधीच ठरलेलं होतं, हे हकीमसाहेबांनाही सांगता आलं नाही. मी मात्र खाटेशी बसून दाराकडं बघत राहायची.

पुढचे दिवस कसे लिहू? त्याच्या पाठीला जखमा पडल्या. मी लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं त्या धुवायची, आणि तो शांतपणे विचारायचा, "सुरू केलंस का?" त्याला कळतच नव्हतं. मी माहीत असलेल्या सगळ्या देवांना बोलले. दर्ग्यातही करीमभाईंच्या हाती चादर धाडली. मला बोलता येत नाही, पण त्याच्यापाशी बसून बोलायला लागले. चिमण्यांचं, भाकरीचं, कशाचंही. तो बोलायचा थांबला तर काय करायचं, एवढीच भीती होती. बागवान पुन्हा हाऱ्यांतून माल पाठवू लागले होते. ते मी त्याला सांगितलं नाही.

एके दिवशी नाना आले. करीमभाई आधीच बसलेले होते. नानांनी दादाच्या कपाळाला अंगारा लावला आणि म्हणाले, "भिऊ नको गंगाराम. तुझा गज म्या देवात ठिवलाय. खंडेनवमीपासनं रोज फूल वाहतो त्याला."

"देवात?" दादा म्हणाला.

"मग! तुझ्या हातची वस्तू. ती का कामाला लावायची? झिजंल की."

"आन् पेट्या कशानं मोजल्या, नाना?"

"बापाच्या गजानं. त्यो हाय की अजून धडधाकट!"

करीमभाईंनी मान खाली घातली. दादा मात्र हसायला लागला. हसता हसता डोळ्यांतून पाणी कानाशी ओघळलं. ते पुसायला त्याचा हात वर येईना म्हणून मी पुसलं. "नानांना गूळ दे, सखू," तो म्हणाला. नाना आनंदानं उठले. "बघा, हासला का नाय? गुण आला." ते गेल्यावर दादानं आढ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "कुनीतरी नाय म्हणायला पायजे हुतं, सखू. नाय म्हणलं असतं तर भांडून तरी घेतलं असतं." त्यानंतर तो फारसं बोलला नाही. एका पहाटे माझ्या हातचं दोन चमचे पाणी घेतलं आणि तिसरा चमचा तसाच ओठांवरून गळ्यावर आला...

दिवस झाल्यावर करीमभाई आले. हिरव्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी त्यांनी माझ्यापुढं ठेवलं. उघडलं तर दादानं त्यांना दिलेला गज. कडा कोऱ्या, एकही ओरखडा नाही. "मैं भी दीवार के ताक पे रख दिया था," ते म्हणाले. "उसके हाथ का था. खराब हो जाता बोलके..." मी तो गज हातात घेतला. मग कुठून आवाज आला ठाऊक नाही, पण मी मोठ्यानं म्हणाले, "करीमभाई, चौकट काढा."

"अब, सखूबहन?"

"आता."

दुसऱ्या दिवशी ते आले, नानाही आले. नाना नारळ घेऊन आले होते. करीमभाई त्यांच्यावर ओरडले, "नारियल बाद में, नाना! पहले नाप!" नवी चौकट त्यांनी त्याच गजानं मोजून केली. मग त्या दिवसापासून दाराबाहेर पडलेली पेटी वाशांवर घेतली आणि आत आणली. वळवावी लागली नाही, कुठं घासली नाही. मी पदर सावरेपर्यंत ती दादाच्या खाटेच्या जागी होती. एवढंच होतं...

कवाडं जुनीच आहेत. ती रुंद झालेल्या चौकटीत पुरत नाहीत, लावली तरी मधे फट राहते. करीमभाई म्हणतात, नवी करून देतो. मी म्हणते, राहू द्या. सकाळी त्या फटीतून उन्हाची पट्टी आत येते आणि रिकाम्या पेटीवर पडते. मी त्या पट्टीवर माझी दोन बोटं ठेवून बघते. सगळी झाकली जाते.