धुऊन जुनं केलेलं लुगडं

माझी नणंद कोडोलीला असते. तिचे यजमान शाळेत मास्तर होते, आता निवृत्त आहेत. नवऱ्याचं ऐकून मीही त्यांना दाजीच म्हणते. गरजेपुरतं घ्यायचं, ते मोडेपर्यंत वापरायचं आणि विकतची भेटवस्तू घरात येऊ द्यायची नाही, हा दोघांचा लग्नापासूनचा नियम. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ छापणारे पुष्कळ असतात. तोंडाने ‘कशाला आणलंत’ म्हणतात आणि हाताने घेतात. या दोघांनी मुलीच्या लग्नात खरोखर एकेकाचं पाकीट हातात परत ठेवलं.

मी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ परत आलं. मिक्सर परत आला, खोक्याची चिकटपट्टीसुद्धा न काढता. पडद्यांचा जोड परत आला, बरोबर पिशवीभर भुईमुगाच्या शेंगा. परत येणारच हे कळल्यावर मी निवडायचंही सोडून दिलं. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दुकानात पहिलं हाताला लागेल ते उचलायचं, पाठवायचं आणि आलं की कपाटात टाकायचं. देण्याचं माझं काम झालं, असं मला वाटे.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीला मुलगा झाला, बाळंतपण कोडोलीतच झालं. बारसं सव्वा महिन्यानं करायचं ठरलं. मी नणंदेला फोन केला आणि पाळणा आणू की बाळाच्या अंघोळीचा टब आणू, असं विचारलं. दोन्ही नको असं उत्तर येणार हे ठाऊकच होतं. ते आलंही. मग ती म्हणाली, “बाळाची वाकळ शिवायला घेतलीया. आईचं एखादं लुगडं असंल तर आणा की वैनी.”

वाकळ म्हणजे गोधडी. बाळाच्या वाकळेत घरातल्या बायकांची नेसून मऊ झालेली लुगडी घालतात, नवं कापड घालत नाहीत. आई म्हणजे तिची आई, माझ्या सासूबाई. त्यांना जाऊन आठ वर्षं झाली. सव्वीस वर्षांत नणंदेने माझ्याकडे काही मागितलं ते हे पहिलंच.

मी म्हटलं, “आहे की. आणते.”

लुगडं नव्हतं. एकही नव्हतं. पाच वर्षांपूर्वी आम्ही खोलीत भिंतभर कपाट करून घेतलं तेव्हा सासूबाईंची ट्रंक अडचण करत होती. त्याच आठवड्यात बोहारीण आली. जिन्यात बसून तिने सातही लुगडी एकेक करून उजेडात धरली, सुती आहेत, विरलेली आहेत, याच्यावर काय येणार म्हणून नाक मुरडलं. मी तासभर घासाघीस केली आणि एक झाकणाचा स्टीलचा डबा मिळवला. डबा जाड आहे, अजून वापरते. त्या दिवशी मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. नणंदेला विचारावं, हे मनात आलंच नाही. जिला घड्याळ नको, मिक्सर नको, तिला ही चिंध्या झालेली लुगडी कशाला हवी असतील, असं मी धरून चालले.

फोन ठेवल्यावर तिला पुन्हा लावून खरं सांगायला दोन मिनिटं लागली असती. मी पर्स घेतली आणि महाद्वार रोडला गेले.

सुती नऊवारी लुगडं आता थोड्याच दुकानांत मिळतं. सासूबाई नेसायच्या तसलं बारीक चौकड्यांचं मिळालं नाही. जांभळ्या रंगाचं, साध्या काठाचं घेतलं. दुकानदाराने कुणासाठी म्हणून विचारलं, मी म्हटलं सासूबाईंसाठी. मग रंग टिकेल का, अशी काळजी करू नका म्हणून त्याने मला बराच वेळ समजावलं. मला तर रंग जायलाच हवा होता.

घरी आल्यावर मी ते सोडा घालून कढत पाण्यात भिजवलं. खळ निघाली. मशिनमध्ये लागोपाठ चार वेळा फिरवलं, गच्चीवर कडक उन्हात वाळवलं, पुन्हा भिजवलं. चौथ्या दिवशी ते पुरेसं विटलं, हाताला मऊ लागायला लागलं. घेतलेलं काम मी नीट करते, हेही नीट केलं.

वाळत घातलेलं असताना नवरा गच्चीवर आला. त्याने पदराचा कोपरा बोटांत धरला.

“हे होतं अजून?”

“होतं एक,” मी म्हटलं.

तो कोपरा त्याने सोडला नाही. मी चिमटे गोळा करून खाली आले. मग ते लुगडं डांबराच्या गोळ्या घालून दोन दिवस बॅगेत ठेवलं, वासासाठी.

कोडोलीला मी एकटीच एसटीने गेले. घराच्या पुढच्या सोप्यात नणंद आणि दोन शेजारणी वाकळेचे थर लावत बसल्या होत्या. कुठलं कापड कुणाचं याची चर्चा चालू होती. एक शेजारीण म्हणत होती, माझ्या सासूचं लुगडं तेवढं खाली घाला, जन्मभर डोक्यावर बसली. मी पिशवीतून लुगडं काढलं. नणंदेने हात पदराला पुसले आणि ते मांडीवर घेतलं. उलगडलं आणि मधोमध हात फिरवायला लागली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मला वाटलं, आई आठवली. मी दुसरीकडे पाहिलं.

“चांगलं हाय,” म्हणून तिने घडी घातली, ते उचलून आत गेली आणि चहाच्या निमित्ताने मला हाक मारली.

स्वयंपाकघरात तिने लुगडं ओट्यावर ठेवलं आणि आवाज न चढवता विचारलं, “ह्याचा दांड कुठाय वैनी?”

नऊवारी बसून बसून मध्ये विरतं. तेवढा भाग कापून काढतात आणि दोन धड तुकडे हातशिलाईने जोडतात, तो दांड. सासूबाईंचं एकही लुगडं दांड घातल्याशिवाय जुनं झालं नव्हतं, काहींना तर दोन-दोन होते. ट्रंकेतल्या सातही लुगड्यांना असणार, मी ती मोजून दिली होती, पाहिली नव्हती. नणंद मघापासून मधोमध हाताने तो जोड शोधत होती. तो टाका घालायला ती लहानपणी आईकडूनच शिकली होती.

मी खरं ते सांगितलं. बोहारीण सांगितली, कपाट सांगितलं.

“समदी?”

“सगळी.”

“एक फोन केला असतासा.”

यावर मी जे बोलले ते मला अजून टोचतं. मी म्हटलं, “तुम्हाला काही नकोच असतं वन्सं, म्हणून नाही केला.”

तिने चहात साखर घातली, ढवळली. मग म्हणाली, “विकत आणल्यालं नको म्हणालो आम्ही. आईचं नको, असं कवा म्हणालो?”

तिने लुगडं माझ्या पिशवीत घातलं, कपबश्या उचलल्या आणि बाहेर जाऊन शेजारणींना चहा दिला. मी दुपारच्या गाडीने परत आले. नवऱ्याने विचारलं, आवडलं का तिला. मी हो म्हटलं आणि पिशवी तशीच कपाटात मागे सारली.

बारशाला जाऊ नये असं फार वाटत होतं. पण बाळाच्या आईच्या मामाघरचं कुणी नाही हे कसं चालेल, म्हणून आम्ही दोघं मोटारसायकलवरून गेलो. वाकळ पाळण्यात घातली होती. बायका वाकून वाकून कापडं ओळखत होत्या, ही हिची, ती तिची. दाजींच्या म्हाताऱ्या चुलतीने मोठ्याने विचारलं, “आणि पणजीचं कुठलं गं? तुझ्या आईचं?”

मी पाळण्यापासून दोन हातांवर उभी होते. माझा नवरा दारात होता. नणंदेने माझ्याकडे पाहिलंही नाही. तिने वाकळेच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे हिरवं चौकड्यांचं कापड होतं, कुणा शेजारणीचं.

“हे बघा. आमच्या वैनीनं जपून ठेवल्यालं.”

म्हातारीने माझी हनुवटी धरून बोटं स्वतःच्या कानशिलावर मोडली. अशी सून मिळायला भाग्य लागतं, म्हणाली. आणखी दोघीतिघी माझ्याकडे बघून हसल्या. जी बाई आयुष्यात खोटं म्हणून बोलली नाही, तिला नातवाच्या बारशात, सगळ्या गावासमोर माझ्यासाठी बोलावं लागलं. मी मान खाली घातली. बायकांना तो विनय वाटला असावा.

पेढे वाटून झाल्यावर निघालो. वाठारच्या अलीकडे नवऱ्याने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. बंद केली, पण उतरला नाही. पुढेच बघत म्हणाला, “मी गच्चीवर बघितलं ते जांभळं होतं.”

तुला नीट दिसलं नसेल, असं म्हणायला मला तेवढ्यातही सुचलं. मी ते म्हटलं नाही. सांगितलं सगळं: ट्रंक, डबा, दुकान, सोडा.

“तिला ठाऊक आहे?”

“मी नेलं त्याच दिवशी कळलं तिला.”

उसाचा एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या ओढत शेजारून गेला. तो पार जाईपर्यंत बोलता येण्यासारखं नव्हतं. मग त्याने मान थोडी वळवली आणि बहिणीने विचारलं होतं तेच विचारलं.

“सगळी?”

मी म्हटलं, “सगळी.” त्याने गाडी सुरू केली.