ओवीला वाचून दाखवणारे आजोबा

पुस्तकामुळे माणूस घडतो — हे वाक्य मी वाशिंदपासून वैशाखऱ्यापर्यंत इतक्या शाळांत म्हटलंय की आता ते म्हणताना माझं मलाच ऐकू येत नाही. पुस्तकांपायी माझ्या घरात काय घडलं, ते मात्र कुठल्याच शाळेत सांगितलेलं नाही. घरातही नाही. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

मी निवृत्त मास्तर. बायको गेल्यापासून मुलगा मंगेश, सून सुजाता आणि नात ओवी, एवढंच घर. मंगेश कल्याणला कामाला, सुजाता वाशिंदच्या एका कारखान्यात पॅकिंगला. ओवी दिवसभर माझ्याकडे. "आण्णा आहेत म्हणून निर्धास्त जाते," असं सुजाता शेजारणींना सांगायची.

मला व्याख्यानांची आमंत्रणं यायची. विषय बहुधा एकच — 'मोबाइलच्या विळख्यात बालपण'. विळखा हा शब्द संयोजकांना फार आवडतो. व्याख्यानासाठी वाचावं लागतं, वाचायला शांतता लागते. आणि अडीच वर्षांचं पोर शांत कसं बसतं, हे का तुम्हाला सांगायला हवं? माझा जुना फोन तांब्याला टेकवून ठेवायचो, समोर ओवी. "घे गो, गप बस." ती बसायची. वरणभात भरवला तरी तोंडात काय गेलं, तिला कळायचं नाही. कधी मध्येच माझा लेंगा ओढायची, काहीतरी दाखवायला — कावळा, मुंगी, काय असेल ते. मी पुस्तकातून मान वर न करता फोनचा आवाज वाढवायचो. सुजाता यायच्या आत फोन कपाटात, पुस्तकांच्या मागे. तिथे कोण बघणार?

ओवी तीनची झाली तरी बोलेना. डॉक्टरांनी कान तपासले; कान उत्तम. मग त्यांनी विचारलं, "हिच्याशी दिवसभर बोलतं कोण?"

उत्तर सोपं होतं — कुणीच नाही. पण माझ्या आधी सुजाता म्हणाली, "आण्णा असतात ना. पुस्तकं वाचून दाखवतात तिला."

आणि मी — मी मान डोलावली.

घरी आल्यावर मंगेशने निकाल दिला. "आईच घरात नाय, तर पोर बोलंल कुनाशी?" सुजाताने माझ्याकडे पाहिलं. सासरा शिकलेला आहे, आपल्या बाजूने दोन शब्द बोलेल, असं तिला वाटलं असेल का? समोर माइक असला की तासभर बोलणारा मी. त्या दिवशी उठून पाणी प्यायलो. पुढच्याच महिन्यात तिने काम सोडलं.

आता ओवी दिवसभर बोलते. आई घरी राहिली म्हणून, असं सगळे म्हणतात. खरंही आहे ते. परवा तिने तांब्याला काडेपेटी टेकवली, समोर बाहुली बसवली आणि थेट माझ्या सुरात म्हणाली, "घे गो, गप बस." सुजाताचं शिलाई मशीन थांबलं. तिने काडेपेटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे — बराच वेळ. मग मशीन पुन्हा सुरू झालं.

सुजाता हल्ली घरी साड्यांना फॉल-बिडिंग करून देते. दारावर तशी पाटी आहे. पाटी मीच रंगवली. घरात अक्षर माझंच चांगलं आहे.