नथ्थूमामांची दुसरी खुर्ची

रविवारी सकाळी नथ्थूमामा दारासमोर पत्र्याच्या दोन खुर्च्या मांडत. एक त्यांची, एक माझी. मध्ये स्टुलावर टेपरेकॉर्डर. कॅसेट सुरू झाली की ते तळहात स्टुलाच्या फळीवर टेकवून बसत.

मामा उधन्याच्या कापड कारखान्यात लूम, म्हणजे यंत्रमाग, दुरुस्त करणारे मिस्त्री, मूळचे धुळ्याकडचे. शेठनं परदेशी, चेक बनावटीची मशिनं घेतली तेव्हा ती शिकायला मामांना तीन महिने त्या देशात पाठवलं होतं. भाषा येईना, जेवण घशाखाली उतरेना. एका सुट्टीच्या दिवशी थंडी सोसेना म्हणून ते एका चर्चमध्ये शिरले. तिथे चौघं वाजवत होते. तिघांकडे लहानमोठी व्हायोलिनं, चौथ्याकडे एक मोठं, गुडघ्यांत धरायचं. "चार जन, पन मुकादम कोनीच नई," मामा सांगत. "एक थांबना का दुसरा धरी लेस."

त्या चौघांची कॅसेट त्यांनी आणली. एका बाजूला दोन-तीनशे वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या बाजूला हल्लीचं. हल्लीचं मला खडखडाट वाटे. मामांना तेच प्रिय. "यामा मशीन शे," म्हणत.

लूमच्या आवाजानं त्यांचे कान जात चालले होते. मोठ्यानं बोललेलं कळे, मोठ्या वाद्याचा घुमारा हाताला लागे. पण लहान व्हायोलिन, मामांच्या भाषेत बारीक फिडल, त्यांच्यापुरतं बंद झालं होतं. मी आमच्या घरातला, गल्लीतलाही, पहिला बी. ए. म्हणून मला बोलावणं. "तू शिकेल शे. बारीक फिडल काय करी ऱ्हायनं, तुले सांगता ई."

मला सांगता येईना. पदवी घेताना हे कोणी शिकवलं नव्हतं. शेवटी कानाशी ओरडलो, "धागा ओढतंय, मामा. लांब."

"तुटना?"

"नाही. दुसऱ्यानं धरला."

त्यांनी डोळे मिटले. आतून मामी म्हणाल्या, "दोन्ही येडा जमनात."

मग मला हजीऱ्याला नोकरी लागली. रविवार चुकू लागले. शेवटच्या खेपेला एक तुकडा संपला, टेप शांत झाली, तसा मी उठलो. मामांनी मनगट धरलं. "बस. आजून सरनं नई. तठे चर्चमा मधमा कोनी उठत नई."

"बस चुकेल, मामा," मी ओरडून सांगितलं आणि निघालो.

दिवाळीनंतर मामा गेले. दहाव्याला गेलो तेव्हा टेपरेकॉर्डर कोनाड्यात होता. लावून पाहिला, चाकं फिरेनात. आतला पट्टा तुटला होता. मामांना दोन मिनिटांचं काम. नवा पट्टा शेजारीच पुडीत ठेवलेला.

"मी कितींदा सांगं, पट्टा बसाडा," मामी म्हणाल्या. "तर म्हने, सांगनारा येई तव्हय बसाडसू. खुर्च्या मात्र दोन्ही मांडेत."

पट्टा मी बसवला. खुर्च्या मांडल्या, कॅसेट लावली. पहिला तुकडा संपला, टेप शांत झाली. मामी दारात आल्या. "सरनं का रे? तुनी बस जाई."

"अजून आहे," मी म्हणालो. हात स्टुलावर ठेवला आणि बसून राहिलो.