डावऱ्याचा पीळ

माझे मोठे काका लढाईवर गेले तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मला ते कळले ते लोकांच्या चेष्टेतूनच. दुसऱ्याच्या शेतावर राबायचे. डावखुरे होते, म्हणून गावाने नाव ठेवलं ‘डावरा’. कापणीला त्यांना ओळीच्या टोकाला उभं करायचे, नाहीतर शेजाऱ्याची बोटं विळ्याखाली यायची. पेंढी बांधतानाही त्यांचा पीळ उलटा. दुसरा मजूर सवयीने ती आवळायला गेला की पेंढी हातातच सुटायची.

ते मेल्याचं कळलं, त्यामागोमाग त्यांची म्हणून एक कापडी पिशवी आली. आत्याने ती उघडलीच नाही.

“दुसऱ्याच कुणाची आमच्या गळ्यात मारलीय,” ती म्हणायची. “माझा भाऊ येईल.”

माझं टक्कल पडायला लागलं, तरी पिशवी आपली खुंटीवरच.

काकांबद्दल चार ओळी लिहाव्यात म्हणून मी त्यांच्याबरोबर राबलेल्या म्हाताऱ्या मजुराला घरी आणलं.

“याला काय विचारतोस?” आत्या म्हणाली. “याला सकाळी काय खाल्लं तेही आठवत नाही.”

“तुझ्या हातचं असेल तर विसरलेलंच बरं.”

बोलता बोलता त्याला पिशवीच्या तोंडाची दोरी सैल दिसली. पिशवी खाली घेऊन त्याने सवयीने पीळ दिला, तर दोरी उलगडली.

“हा डावरा अजून छळतोय बघ,” तो हसत म्हणाला, आणि दोरीचा पीळ पुन्हा निरखून बघू लागला.

आत्याने पिशवी त्याच्याकडून घेतली. आत डोकावलीसुद्धा नाही. दोरी उलट्या बाजूने पिळून तिने घट्ट बांधली आणि पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली.