दोन वाजल्यानंतरची लेकरं

शकुनबाईला कोणाला नाही म्हणता येत नसे. हा गुण की खोड, यावर तिचं आणि नत्थुजींचं कधी एकमत झालं नाही. हिवरखेडला माहेरी असताना तिनं एकाच दिवशी दोन काकांच्या वावरात कापूस वेचायला यायचं कबूल केलं होतं. दोघं काका बांधावर उभे राहून तिच्यावरून भांडत होते, तेव्हा ती मैत्रिणीच्या आग्रहानं तिसऱ्याच वावरात बोरं खात बसली होती.

लग्न होऊन ती अकोटला आली. नत्थुजी तिथं कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. जिनिंग बंद पडली तेव्हा दोघांनी अमरावती गाठली आणि नांदगाव पेठच्या एमआयडीसीला लागून असलेल्या एका वस्तीत घर बांधलं. घर दोन खोल्यांचं, पण ओसरी मात्र ऐसपैस. नत्थुजींनी ऑटो घेतला, शकुनबाई वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. लेकरांची नाकं पुसणं, खिचडी शिजवणं, नर्स डोस द्यायला आली की रडणाऱ्याला कडेवर घेऊन बाहेरचं कुत्रं दाखवणं, यात तिची वर्षं गेली. वय झालं, सेविका प्रतीक्षानं शाल-नारळ देऊन तिला निरोप दिला, आणि शकुनबाई घरी बसली.

घरी बसणं फार दिवस चाललं नाही. एका दुपारी ती ओसरीवर गहू निवडत होती, तेवढ्यात शेजारची आचल पोरीला कडेवर घेऊन धापा टाकत आली. आचल एमआयडीसीतल्या कापडाच्या कंपनीत शिलाई मशीनवर होती.

"मावशी, आजच्या दिवस पिंकीले ठेवता का? सासूबाई गावाले गेल्या. अंगणवाडी दोन वाजता सुटते, अन् माही सुट्टी होते संध्याकाळी. मधल्या वेळात कुठं टाकू हिले?"

"ठेव ना माय. आजच काहून? रोज ठेव."

झालं. आठवडा उलटला नाही तोच आचलच्या लाईनवरच्या आणखी दोघी आल्या. मग त्यांच्या ओळखीच्या. शकुनबाईनं आपल्या जुन्या साड्यांच्या झोळ्या ओसरीच्या आडव्या वाशाला बांधल्या. नत्थुजींना दुपारी पाय पसरायला जागा उरली नाही, तेव्हा ते ऑटोतच झोपायला लागले. वर लेकरांसाठी मुरमुरेही तेच आणत.

कंपनीत पाळणाघर नव्हतं असं नाही. कायद्यानं ते असायलाच हवं, म्हणून एक खोली होती. भिंतींवर ससे रंगवलेले होते, खेळणी होती, फक्त लेकरं सांभाळायला बाई नव्हती आणि दाराला कुलूप होतं. नव्यानं लागलेली कल्याण अधिकारी मैथिली ही अमरावतीतल्या एका वकिलाची मुलगी. बाई नेमा, बाई नेमा म्हणून ती मॅनेजरच्या मागे लागली होती, आणि मॅनेजर दर वेळी "पाहू" म्हणत होते. मग एक दिवस निरोप आला की माल विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीची माणसं मंगळवारी पाहणीला येणार. मॅनेजरना एकदम पाळणाघर आठवलं.

मैथिली शकुनबाईच्या ओसरीवर आली.

"मावशी, मंगळवारी सकाळी ही सगळी मुलं तुम्ही कंपनीत आणाल का? मला हे दाखवण्यापुरतं नकोय. पण एकदा खोली उघडली ना, की परत कुलूप लावू देणार नाही मी."

पोरगी तळमळीनं बोलत होती. शकुनबाई म्हणाली, "हाव, आनतो ना."

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा आली. तिचा चेहरा उतरलेला. "मावशी, मंगळवारी सुपरवायझर मॅडम येऊन राहिल्या. आपली अंगणवाडी शेजारच्या वस्तीच्या अंगणवाडीत मिळवायचं चाललं हाय. जरा ऐपत असलेले लोक पोट्टे व्हॅननं इंग्लिश नर्सरीत धाडून राहिले, मंग हजेरीत उरते कोन? त्या दिवशी तुमच्याकडचे सारे पोट्टे सकाळपासून पाह्यजेत, एकबी घरी राह्यला नाई पाह्यजे."

ही अंगणवाडी म्हणजे शकुनबाईचं अर्धं आयुष्य. ती म्हणाली, "हाव, आनतो ना."

नत्थुजी आतून ऐकत होते. प्रतीक्षा गेल्यावर ते बाहेर आले. "तू काय आता लेकराईचे दोन वाटे करनार हायेस?"

"अवो, सकाळी अंगणवाडी. मॅडम गेल्या का तुमच्या ऑटोत घालून कंपनी. साहेब लोक कधी वेळेवर येतात का?"

मंगळवारी दोन्हीकडचे साहेब लोक वेळेवर आले.

अंगणवाडीत सुपरवायझर चारुशीला मॅडम नुकत्याच खुर्चीवर टेकल्या होत्या. तेल लावलेली, पावडर थापलेली लेकरं त्यांच्यापुढं हातवारे करत गाणं म्हणत होती. पाहुणे आल्याचा मैथिलीचा फोन येताच नत्थुजींनी ऑटो थेट दारात आणला आणि खणखणीत आवाजात हाक दिली, "चला रे पोट्टेहो, कंपनीत जायचं हाय!"

गाणं तिथंच राहिलं. लेकरं उठली आणि ऑटोवर तुटून पडली.

"अहो, मुलं कुठं चालली?" चारुशीला मॅडम उभ्या राहिल्या. "शकुनबाई, हा काय प्रकार आहे?"

 शकुनबाई जे सुचलं ते बोलून गेली, "मॅडम, तुमी बी चला."

आणि खरंच, एका पोराला मांडीवर घेऊन चारुशीला मॅडम ऑटोत बसल्या. मावली नाहीत ती लेकरं प्रतीक्षानं हाताला धरून चालवत नेली. कंपनीचं गेट काही लांब नव्हतं.

सशांच्या खोलीला फुगे लावलेले होते. मॅनेजर, मैथिली आणि पाहुणे दारातच उभे होते. पाहुण्यांत बंगळुरूहून आलेली अदिती नावाची बाई होती. तिनं उकिडवं बसून पिंकीला हिंदीत विचारलं, "बेटा, तू इथं रोज येतेस?"

"नाई," पिंकी म्हणाली. "आमी शकुनआजीकडे झोपतो. इथं आजच आलो. हे ससे कोनाचे हायेत?"

मॅनेजरना खोकला आला. मैथिलीनं मान खाली घातली. चारुशीला मॅडम प्रतीक्षाकडे पाहू लागल्या, प्रतीक्षा शकुनबाईकडे. शकुनबाईला वाटलं, दोन्ही पोरींच्या नोकऱ्या आपण घालवल्या. ती पुढं झाली.

"चूक माही हाय. या दोघींनी मले येगयेगळं इचारलं, मी दोघींले हो म्हटलं. पन मॅडम, मी काय करू? दोन वाजेपर्यंत हे पोट्टे सरकारचे. त्यायच्या आया दिवसभर कंपनीच्या. दोन वाजल्यानंतर मात्र हे कोनाचेच नाईत, म्हनून माह्याकडे येतात. माहे गुडघे दुखतात आता. हे मी किती दिवस करनार?"

मैथिलीनं ते अदितीला हिंदीत समजावून सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. मॅनेजरसमोर असं बोलायला धाडस लागतं, हे शकुनबाईला तेव्हाही कळलं. अदितीनं विचारलं, "यांचं घर पाहता येईल?"

मग सगळी वरात ओसरीवर आली. लेकरं आपापल्या झोळीकडे पळाली. भुकेनं एकानं सूर लावला, तसा दुसऱ्यानं. प्रतीक्षानं धावत जाऊन अंगणवाडीतलं खिचडीचं पातेलं इकडंच आणलं. मॅनेजरही ओसरीच्या काठावर ताटली घेऊन बसले. खिचडी खाता खाता मैथिलीनं विषय काढला. सशांची खोली पार आत आहे, पण गेटला लागून जुन्या सायकल स्टँडची जागा रिकामी आहे, तिथं रस्त्याकडून दार काढून पाळणाघर करता येईल, दोन बाया नेमता येतील.

"सकाळचं शिकवणं, जेवण, डोस, वजन आमच्याकडे," चारुशीला मॅडम म्हणाल्या. "दुपारपासून तुमच्याकडे. आणि अंगणवाडी कुठंही हलणार नाही, हे मी वर बोलते."

अदिती मॅनेजरकडे पाहत राहिली. मॅनेजर म्हणाले, "करूया."

पावसाळ्याआधी पाळणाघर उघडलं. शकुनबाई तिथं पगारी कामाला लागली, सोबतीला वस्तीतली चतुराबाई. ओसरी मोकळी झाली. नत्थुजी हौसेनं पहिल्या दुपारी तिथं आडवे झाले, आणि तासाभरात उठून पाळणाघराच्या दारात येऊन बसले. "घरी झोपच लागत नाई," म्हणाले.

पुढं कंपनीच्या ऑर्डरी घटल्या. मॅनेजर बदलले. नव्या साहेबांनी पाळणाघर बंद करायचं ठरवलं. या खेपेला शकुनबाईला काही करावं लागलं नाही. आचल आणि तिच्या लाईनवरच्या बाया लेकरं कडेवर घेऊनच ग्रामसभेत गेल्या आणि उत्तर मिळेपर्यंत खाली बसून राहिल्या. शेवटी अंगणवाडीच संध्याकाळपर्यंत उघडी ठेवायला चारुशीला मॅडमनी वरून मंजुरी आणली, पंचायतीनं शेजारचं समाजमंदिर लेकरांना झोपायला दिलं. मैथिलीनं भांडून भांडून चतुराबाईचा पगार आणि लेकरांच्या दुधाचा खर्च कंपनीकडेच ठेवला.

"उद्या कंपनी दूध बंद करन, तं मंग?" शकुनबाईनं काळजीनं विचारलं.

"मंग परत जाऊ ग्रामसभेत," आचल म्हणाली. "कधी सरकारचं जास्त, कधी कंपनीचं जास्त. आपन दोघाईले बी सोडाचं नाई."

शकुनबाई आता कामाला जात नाही. गुडघे खरंच थकले आहेत. पण दुपारची समाजमंदिरावर एक चक्कर होतेच. पिंकी आता जिल्हा परिषदेच्या शाळेत जाते आणि शाळा सुटली की तिथंच येऊन दप्तर टाकते. परवा ती एका नव्या पोराला झोळीत थोपटत होती. तो काही डोळे मिटेना. "झोप नं रे," ती दटावून म्हणाली, "मले गृहपाठ हाय." शकुनबाई दारातच हसत उभी राहिली. चतुराबाईनं तिला आत बोलावलं आणि गरम दुधाचा पेला हातात दिला. तो घेऊन ती भिंतीला टेकून बसली. जरा वेळानं पाहिलं तर पोरगं टक्क जागं होतं आणि पिंकी झोळीच्या दोरीला धरून पेंगत होती.